घरफवारणीचे शास्त्र आणि शिस्त

हिवताप पसरवणारी ॲनाफिलीस डासाची मादी रक्त प्यायल्यावर लांब उडत नाही. पोट जड झालेले असते. ती जवळच्या भिंतीवर, आढ्याखालच्या अंधारात किंवा गोठ्याच्या कुडावर टेकते आणि रक्त पचेपर्यंत तिथेच बसून राहते. सार्वजनिक आरोग्यातली घरफवारणी डासाच्या या एका सवयीवर उभी आहे. भिंतीवर कीटकनाशकाचा पातळ थर दिलेला असला, की विसाव्याला बसलेल्या डासाच्या पायांवाटे तो अंगात भिनतो आणि डास मरतो.

रुग्णाच्या रक्तातून डासाच्या पोटात गेलेला हिवतापाचा जंतू वाढून दुसऱ्या माणसाला देण्याजोगा व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते. म्हणजे या मुदतीत ती चार-पाच वेळा तरी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर टेकते. त्यातल्या एका वेळी जरी ती मेली, तरी रोग पुढे जात नाही. गावातला एकूण एक डास मारणे हे फवारणीचे काम नाही. डासाला म्हातारे होऊ न देणे, एवढेच तिचे काम आहे.

मात्र ज्या भिंतीवर हे विष बसवायचे, तिच्याच कडेला माणसे जेवतात, पाळणा टांगतात, धान्याच्या कणग्या ठेवतात. त्यामुळे मात्रा, भिंत आणि फवारणाऱ्याचा हात या तिन्हींना शिस्त लागते. मात्रा कमी पडली तर डास मरत नाही आणि पुढे औषधाला दाद देईनासा होतो. जास्त झाली तर माणसाला त्रास होतो. सुरक्षित फवारणी आणि परिणामकारक फवारणी यांचे नियम म्हणूनच बहुतेक ठिकाणी एकच आहेत.

पहाडावरचा हिवताप

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगररांगेवर जिवती तालुका पसरला आहे. आसपासचे लोक या भागाला नुसते ‘पहाड’ म्हणतात. कोलाम आणि गोंड यांचे गुडे, बंजारा तांडे आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे अशी इथली वस्ती आहे. शेतात कापूस, ज्वारी, तूर. तेलंगणाची हद्द लागूनच, आणि सीमेवरच्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी दावा सांगितलेला. हिवतापाच्या जंतूला हद्द ठाऊक नसते. एका बाजूला फवारणी झाली आणि दुसरी बाजू राहिली, तर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांबरोबर ताप पुन्हा गावात येतो.

पूर्वेकडच्या गडचिरोली जिल्ह्यात हा प्रश्न अधिक मोठा आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या जंगलपट्ट्यातील तालुक्यांमुळे हा जिल्हा महाराष्ट्रातील हिवतापाच्या नकाशावर वर्षानुवर्षे वर राहिला आहे. इथे फाल्सिपेरम जातीच्या जंतूचे प्रमाण मोठे. वेळीच उपचार झाले नाहीत तर हाच जंतू मेंदूच्या हिवतापापर्यंत नेतो.

या भागात दोन जातींचे डास महत्त्वाचे आहेत. ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस पावसानंतरची डबकी, नाल्यांतले साचलेले पाणी, धानाच्या बांध्या यांत वाढतो आणि गुरांच्या गोठ्यात मोठ्या संख्येने विसावतो. ॲनाफिलीस फ्लुव्हिएटिलिस डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या झऱ्यांच्या गवताळ काठाला वाढतो आणि माणसाचे रक्त अधिक पसंत करतो. जंगलातला प्रत्येक झरा, प्रत्येक बांधी औषधाने हाताळणे अशक्य असते. त्यामुळे डास वाढतो तिथे नव्हे, तर तो विसावतो तिथे त्याला गाठावे लागते.

डीडीटीचा उदय आणि उतार

डीडीटी हे रसायन १८७४ मध्येच तयार झाले होते. त्याचा कीटकनाशक गुण स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्युलर यांच्या लक्षात आला तो १९३९ मध्ये, आणि १९४८ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. मुंबई इलाख्यात १९४६ पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली उत्तर कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यास सुरुवात झाली. त्या काळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याला निर्मूलनाचे रूप आले आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली.

यश टिकले नाही. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. पुरवठा आणि देखरेख ढिली पडली होती, पण तेवढेच कारण नव्हते. ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नाही, हे तेव्हाच्या मुंबई राज्यातील पंचमहाल भागात १९५० च्या दशकाच्या अखेरीसच दिसून आले होते.

डीडीटीचा दुसरा दोष असा की ते लवकर विघटित होत नाही. चरबीत साठते, अन्नसाखळीतून वर चढते, आईच्या दुधातही उतरते. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर त्यावर निर्बंध आणले, मात्र रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी सवलत ठेवली. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत असे.

औषधांचे तीन गट

घरफवारणीत भारतात मुख्यतः तीन गटांतील औषधे वापरली गेली. डीडीटी हे ऑर्गॅनोक्लोरिन गटातले. भिंतीवर त्याची मात्रा चौरस मीटरला १ ग्रॅम. मॅलॅथिऑन ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले. मात्रा २ ग्रॅम. ते लवकर निष्प्रभ होते, म्हणून वर्षात दोनऐवजी तीन फेऱ्या कराव्या लागतात. तिसरा गट सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा. त्यात डेल्टामेथ्रिन, सायफ्लुथ्रिन, लॅम्बडासायहॅलोथ्रिन, अल्फासायपरमेथ्रिन येतात. डेल्टामेथ्रिनची मात्रा चौरस मीटरला फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे डीडीटीच्या मात्रेचा पन्नासावा भाग. इतक्या थोड्या मात्रेत चुकीला वाव नसतो.

ही औषधे भुकटीच्या रूपात येतात आणि पाण्यात कालवून फवारली जातात. पाण्यात मिसळणारे तेलकट द्रावण मातीच्या भिंतीत शोषले जाते आणि पृष्ठभागावर काही उरत नाही. भुकटीचे कण मात्र भिंतीच्या वरच राहतात आणि डासाच्या पायाला लागतात. जिवतीच्या गुड्यांवर बांबूच्या कुडाला माती-शेण लिंपलेल्या भिंती अजून आहेत, आणि अशा घरांसाठी हा फरक मोठा आहे.

शेतातले औषध घरात का मारू नये, याचेही उत्तर इथेच मिळते. कापसावर फवारायच्या औषधात त्याच गटाचे रसायन असू शकते. पण त्याची तीव्रता, त्यातली विद्रावके आणि त्याची मात्रा पिकासाठी ठरवलेली असते. ढेकणांसाठी खाटेवर किंवा डासांसाठी भिंतीवर शेतीचे औषध शिंपडणे म्हणजे घरातल्या माणसांवर प्रयोग करणे होय.

एका पंपाचा हिशेब

डेल्टामेथ्रिनच्या अडीच टक्के भुकटीचे ४०० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळतात. भुकटी एकदम बादलीत ओतत नाहीत. आधी थोड्या पाण्यात तिचा लगदा करतात, मग उरलेले पाणी हळूहळू घालून काठीने ढवळतात आणि द्रावण फडक्यातून गाळून पंपाच्या बादलीत घेतात. न गाळता घेतले तर गुठळी नोझलमध्ये अडकते. मग कर्मचारी ती तोंडाने फुंकून काढायला जातो, आणि विषबाधेची वाट उघडते. नोझल साफ करायला मऊ ब्रश किंवा पाणी वापरावे. फुंकर कधीही मारू नये.

या १० लिटर द्रावणात ५०० चौरस मीटर भिंत झाली पाहिजे. स्टिरप पंप दोघांनी चालवायचा असतो. एक जण बादलीतला पंप सारख्या गतीने दाबतो, दुसरा नळी धरतो. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर ठेवून वरून खाली, मग खालून वर असे ५३ सेंटिमीटर रुंदीचे पट्टे मारतात. एका पट्ट्याची कड दुसऱ्यावर थोडी चढते. नोझलमधून मिनिटाला ७४० ते ८५० मिलिलिटर द्रावण बाहेर पडायला हवे. वापरून भोक मोठे झाले की द्रावण जास्त सुटते, भिंतीवरून ओघळते आणि औषध वाया जाते. असे नोझल बदलावे लागते. भिंत ओली दिसावी, पण ओघळ येऊ नये, ही फवारणीची साधी परीक्षा आहे.

आढे, वासे, दारामागची बाजू, खाटेचा खालचा भाग आणि गोठा यांत डास विसावतात, म्हणून तिथे फवारणी सुटता कामा नये. बऱ्याच घरी देवघर आणि स्वयंपाकघर फवारू देत नाहीत. ओटीवर फवारणी झाली आणि आतली खोली राहिली, तर डासाला सुरक्षित कोपरा मिळतो. गावातली किमान ८५ टक्के घरे पूर्ण फवारली गेली तरच सगळ्या गावाला त्याचा लाभ मिळतो. काम झाल्यावर दाराशेजारी गेरूने तारीख आणि फवारलेल्या खोल्यांची संख्या लिहितात. पुढच्या तपासणीत हीच नोंद उपयोगी पडते.

घरच्यांनी करायचे ते

फवारणीची आगाऊ सूचना गावात मिळते. आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य सेवक घरोघर सांगतो. पथक यायच्या आधी भांडी, पाणी, शिजवलेले अन्न, पाळणा, अंथरूण-पांघरूण आणि खेळणी बाहेर न्यावीत. कणगी हलवता येत नसेल तर ती नीट झाकावी. जड सामान भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यभागी आणावे, म्हणजे त्यामागची भिंतही फवारता येते. कोंबड्या, शेळ्या, कुत्री-मांजरे लांब बांधावीत. पायरेथ्रॉइड मांजरांना विशेष बाधते. ज्या खोलीत हलवता न येणारा आजारी माणूस आहे, ती खोली फवारू नये.

भिंत वाळेपर्यंत, म्हणजे किमान तासभर, कोणी आत जाऊ नये. मग दारे-खिडक्या उघडाव्यात आणि मुले आत येण्याआधी फरशी किंवा सारवलेली जमीन झाडून घ्यावी. झाडलोटीत मेलेले किडे असतात. ते कोंबड्यांनी टिपू नयेत म्हणून खड्ड्यात पुरावेत.

यानंतरची सर्वांत मोठी अडचण सारवण्याची. पावसाळ्याच्या तोंडावर आणि मग पावसाळ्यात अशा दोन फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीनंतर लगेच पोळा, दसरा, दिवाळी येते आणि घरोघर भिंती सारवून, रंग देऊन निघतात. पोताऱ्याचा एक हात फिरला की सगळे औषध मातीखाली जाते. डास येऊन बसतो तो ताज्या मातीवर. फवारलेल्या भिंतीला निदान दहा आठवडे हात लावू नये. सणासाठी सारवायचेच असेल तर फवारणीच्या आधी सारवून भिंत वाळू द्यावी. जमीन सारवायला हरकत नाही.

फवारणाऱ्याचा जीव

घरच्यांचा संबंध वर्षात दोनदा येतो, तर फवारणी कर्मचाऱ्याचा हंगामभर रोज. त्यातही सर्वांत धोक्याची वेळ भुकटी कालवण्याची. तेव्हा औषध सर्वांत तीव्र असते आणि भुकटी उडते. टोपी, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि बूट हा सारा सरंजाम कालवतानाच आधी चढवायला हवा. औषध मुख्यतः कातडीवाटे अंगात जाते, आणि घामाने ओली कातडी ते अधिक शोषते. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक. पहिली फेरी त्याच्याच अखेरीस येते. उकाड्यात कर्मचारी मास्क खाली ओढतो, हातमोजे काढतो. त्याला दोष देण्यापेक्षा फवारणी सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवणे, सावलीत विश्रांती आणि पिण्याचे पाणी देणे हा खरा उपाय आहे. कामावर असताना खाणे, तंबाखू मळणे आणि बिडी ओढणे वर्ज्य. काम संपल्यावर साबणाने आंघोळ करावी आणि कपडे रोजच्या रोज वेगळे धुवावेत.

शिस्त मोडली की काय होते, याचे उदाहरण १९७६ मध्ये पाकिस्तानात घडले. हिवतापविरोधी मोहिमेत मॅलॅथिऑन फवारणाऱ्या साडेसात हजार कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि किमान पाच जण दगावले. मॅलॅथिऑन मुळात कमी विषारी मानले जाते. पण त्या साठ्यात आयसोमॅलॅथिऑन नावाची घातक अशुद्धी तयार झाली होती, आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या सवयीही सदोष होत्या. मॅलॅथिऑन उष्णतेत साठवले की ही अशुद्धी वाढते. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत औषधाची पोती ठेवू नयेत, हा नियम विदर्भात तर विशेष पाळायला हवा.

दुसरे उदाहरण शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मरण पावले. ती फवारणी शेतातली होती, तरी धडा एकच आहे. उघडे अंग, भर उन्हातले काम, मिसळलेली औषधे आणि उशिरा मिळालेला उपचार यांतून मृत्यू ओढवतो.

ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा मज्जातंतूंच्या संदेशवहनातील कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडते. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, उलट्या होतात, छातीत घरघर होते. ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा. अशी औषधे हाताळणाऱ्यांच्या रक्ताची हंगामाआधी आणि हंगामात ठरावीक मुदतीने तपासणी केली, तर त्रास सुरू होण्याआधीच कर्मचाऱ्याला कामावरून बाजूला घेता येते. पायरेथ्रॉइडने तोंडावर मुंग्या येतात, आग होते, शिंका येतात. हा त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. त्यावर वेगळा उतारा नसतो. लक्षणे पाहून उपचार करतात.

कोणतीही बाधा झाली तर आधी माणसाला फवारणीपासून दूर न्यावे. औषध लागलेले कपडे उतरवावेत. कातडी साबणाने, डोळे निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. औषध पोटात गेले असेल तर बळजबरीने उलटी करवू नये, कुशीवर झोपवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे वेष्टन रुग्णाबरोबर पाठवावे. कोणते विष होते हे वेष्टनावरून डॉक्टरांना लगेच कळते. वेष्टनावरचा रंगीत त्रिकोणही वाचायला शिकावा. लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ही वर्गवारी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांतून आली. १९५८ मध्ये केरळात कीटकनाशक मिसळलेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर असा कायदा करण्याची गरज पुढे आली होती. अन्न आणि कीटकनाशक एका गाडीतून नेऊ नये, एका खोलीत ठेवू नये, ही शिकवण तेव्हापासूनची.

झरा, मासा आणि मधमाशी

पहाडावर उन्हाळ्यात पाणी दुर्मीळ. एखाद्या गुड्याला एकच झरा किंवा एकच विहीर. तिथे पंप किंवा हातमोजे धुतले तर सगळ्या वस्तीचे पाणी नासते. पायरेथ्रॉइड माणसाला कमी, पण मासे, खेकडे आणि मधमाश्या यांना अतिशय विषारी आहे. पंप धुतलेले पाणी फेकायचे नसते. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बादलीत ते वापरून टाकायचे. उरलेले टाकावेच लागले तर पाणवठ्यापासून आणि घरांपासून निदान शंभर मीटर दूर खोल खड्डा करावा. रिकाम्या डब्यांत पाणी, तेल किंवा बियाणे भरू नये. डबे भोके पाडून निकामी करून परत जमा करावेत. गडचिरोलीच्या आरमोरी भागात टसर रेशमाचे किडे झाडांवर वाढवतात. तिथे बाहेरची कोणतीही फवारणी किंवा धूर त्या झाडांपासून लांब ठेवावा लागतो.

डास सरावतो तेव्हा

एकच औषध वर्षानुवर्षे मारले की त्याला तोंड देऊ शकणारे थोडे डास उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. हे तपासण्याची रीत ठरलेली आहे. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास एक तास ठेवतात आणि चोवीस तासांनी किती मेले ते मोजतात. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर औषध चालते. ९० टक्क्यांपेक्षा कमी मेले तर प्रतिकार निर्माण झाला असे समजतात. कापूसपट्ट्यात ही अडचण दुप्पट आहे. शेतात मारलेले पायरेथ्रॉइड पावसाबरोबर डबक्यांत उतरते आणि अळ्यांना तिथेच त्याची सवय होते. म्हणून औषधाची निवड तपासणीवरून व्हावी आणि ठरावीक काळाने गट बदलावा. डास मरत नाहीत म्हणून मात्रा वाढवणे हा उपाय नव्हे.

फवारणीची मर्यादा

पीक राखायला शेतात जागलीला गेलेला माणूस, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्कामाला असलेले कुटुंब यांना भिंतीवरचे औषध वाचवू शकत नाही. त्यांच्यासाठी कीटकनाशक भारित मच्छरदाणी आहे. तिच्या धाग्यातच औषध असते आणि ते साधारण तीन वर्षे किंवा वीस धुण्यांपर्यंत टिकते. नवी मच्छरदाणी एक दिवस सावलीत उघडी टांगावी, मग वापरावी. साध्या साबणाने, थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. नाल्यात धुऊ नये आणि तिने मासे तर मुळीच धरू नयेत.

डेंगीचा एडिस डास वेगळा. तो दिवसा चावतो, टांगलेल्या कपड्यांवर विसावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. पाणीटंचाईमुळे ड्रम भरून ठेवणाऱ्या गावांत तो सहज फोफावतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी घासून रिकामी करणे हाच उत्तम उपाय. रिकामे न करता येणाऱ्या टाक्यांत टेमेफॉस हे अळीनाशक ठरलेल्या मात्रेत टाकतात, किंवा गप्पी मासे सोडतात.

गावाला सर्वांत दिसणारा उपाय म्हणजे धूरफवारणी. साथीच्या वेळी उडणारे डास झटपट कमी करायला ती उपयोगी पडते. पण धूर विरला की परिणामही संपतो. साथ नसताना रोज धूर मारून पैसा जातो आणि डासही सरावतो.

कीटकनाशक हे तापाच्या निदानाची आणि औषधोपचाराची जागा घेत नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून पूर्ण उपचार घेतला, तर डासाला उचलायला जंतूच मिळत नाही. फवारणी पथकाला घरातली प्रत्येक खोली उघडून द्यावी, दहा आठवडे भिंत सारवू नये, रात्री मच्छरदाणीत झोपावे आणि औषधाचा रिकामा डबा घरात ठेवू नये. एवढे गावाने पाळले, तर भिंतीवरचे औषध डासालाच बाधेल, माणसाला नाही.